तुम्ही विचारलंत म्हणून : कोटीची गाडी विजेवरची घ्यावी की पेट्रोलची?

नात्यातली, ओळखीतली आणि कधी अगदी अनोळखी माणसेही मला गेली काही वर्षे एकच प्रश्न विचारत आली आहेत : एवढे पैसे घालून मोठी, ऐषारामी एसयूव्ही घ्यायचीच आहे, तर ती विजेवर चालणारी घ्यावी की पेट्रोलची? माझे नोकरीचे आयुष्य मोटारींच्या चाचण्यांमध्ये गेले असल्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे येणे स्वाभाविक आहे, आणि एका वाक्यात उत्तर देऊन तो मिटवणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

प्रश्न हवेत राहू नये म्हणून दोन खऱ्या गाड्या समोर ठेवतो. मर्सिडीज-बेंझची विजेवरची ईक्यूएस एसयूव्ही आणि पेट्रोलवरची जीएलएस ४५० या दोन्ही पुण्याजवळ चाकणच्या एकाच कारखान्यात जोडल्या जातात. कंपनी एक असली तरी गिऱ्हाईकही एकच असल्यामुळे शोरूममध्ये त्या एकमेकींच्या प्रतिस्पर्धीच असतात. सुधारित जीएलएस जानेवारी २०२४ मध्ये १ कोटी ३२ लाखांना आली आणि ईक्यूएस ५८० त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये १ कोटी ४१ लाखांना. दोन्ही किमती शोरूमच्या. जीएलएसमध्ये तीन लिटरचे सहा सिलिंडरचे इंजिन आहे, ३८१ अश्वशक्तीचे. ईक्यूएसमध्ये दोन मोटारी मिळून ५४४ अश्वशक्ती देतात आणि तिची बॅटरी १२२ किलोवॉट-तासांची आहे. आपल्या वीजबिलाच्या भाषेत १२२ युनिटांची. हा १२२ चा आकडा लक्षात ठेवावा, कारण पुढचे बहुतेक हिशेब त्याच्याभोवती फिरतात.

मी उलट विचारतो तो पहिला प्रश्न असा : गाडी रात्री कुठे उभी राहणार? घरातल्या पंधरा अँपिअरच्या प्लगमधून फार तर तीन किलोवॉट मिळतात, म्हणजे रिकामी बॅटरी भरायला चाळीस तास लागतील. तीन फेजचा अकरा किलोवॉटचा भिंतीवरचा चार्जर असेल तर तेच काम अकरा-बारा तासांत होते आणि संध्याकाळी लावलेली गाडी सकाळी भरलेली मिळते. बंगल्यात राहणाऱ्याला यात अडचण नाही. मला विचारणारे मात्र बहुधा उंच इमारतींत राहतात आणि तिथे गाडीइतकीच सोसायटी महत्त्वाची ठरते. पार्किंगची जागा आपल्या नावावर आहे का, मीटरखोलीपासून तळघरातल्या त्या खांबापर्यंत केबल कोणत्या वाटेने जाईल, इमारतीच्या मंजूर भारात आणखी अकरा किलोवॉट बसतात का, आणि उद्या आणखी दहा सभासदांनी तीच मागणी केली तर काय, हे प्रश्न सुटल्याशिवाय कोणीही बुकिंगची रक्कम भरू नये. व्यवस्थापक समितीचे ना हरकत पत्र लेखी हवे. अध्यक्षांनी जिन्यात दिलेला होकार पुरेसा नाही. ही सोय होणार नसेल तर माझा सल्ला पेट्रोलचा आहे, कारण केवळ सार्वजनिक चार्जरच्या भरवशावर एवढी मोठी बॅटरी सांभाळणे हा रोजचा व्याप होऊन बसतो.

सोय होणार असेल, तर घाटाचा हिशेब मांडून बघण्यासारखा आहे, आणि तो मला मनापासून आवडतो. खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंत रस्ता ढोबळमानाने पाचशे मीटर चढतो. माणसांसह तीन टनांच्या आसपास भरणारी ईक्यूएस तेवढ्या उंचीवर नेण्यासाठी, निव्वळ उंचीपुरती, चार युनिटांहून थोडी अधिक ऊर्जा लागते. जीएलएस काहीशी हलकी आहे, तरी तिलाही पावणेचार युनिटांच्या आसपास लागतेच. एका लिटर पेट्रोलमध्ये नऊ युनिटांच्या जवळपास ऊर्जा असते, पण इंजिन तिच्यातला जेमतेम एक तृतीयांश भाग चाकांपर्यंत पोहोचवते. बाकीची रेडिएटर आणि धुराड्यातून उष्णता म्हणून निघून जाते. म्हणजे हा चढ जीएलएसला सव्वा लिटरला पडतो, आणि सपाट रस्त्यावरही जे पेट्रोल लागलेच असते ते वेगळे.

खरा फरक उतरताना कळतो. जीएलएस घाट उतरते तेव्हा चढताना कमावलेली सगळी ऊर्जा इंजिनाच्या आणि ब्रेकच्या उष्णतेत संपते. तिच्यात ४८ व्होल्टची छोटी बॅटरी आहे, पण ती यातला थोडाच भाग साठवू शकते. ईक्यूएसच्या मोटारी उतारावर जनित्र होतात, त्यामुळे घाट उतरेपर्यंत गाडी बॅटरीला हात न लावता चालते आणि माझ्या हिशेबाने दीड-दोन युनिटे वर जमा होतात. ब्रेकवर पाय फारसा ठेवावा लागत नाही, त्यामुळे पॅड जास्त टिकतात, आणि लांब उतारावर ब्रेक तापून त्यांची पकड सैल होण्याची भीतीही पुष्कळ कमी होते. एक सूचना मात्र लोणावळ्यात घर असलेल्यांनी ध्यानात ठेवावी. तिथे बॅटरी पूर्ण शंभर टक्के भरून मुंबईकडे निघू नये, कारण भरलेल्या बॅटरीत उताराची वीज साठवायला जागाच उरत नाही आणि सगळा भार साध्या ब्रेकवर येतो. नव्वद टक्क्यांवर निघावे.

लांबच्या रस्त्यावर पारडे फिरते. भारतीय चाचणीनुसार ईक्यूएसचा पल्ला ८०९ किलोमीटरचा सांगितला जातो. तो आकडा चाचणीचा आहे आणि त्यावर प्रवासाची आखणी करू नये. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे ताशी ८० किलोमीटरऐवजी १२० ने गेले की तो सव्वादोन पट होतो. समृद्धी महामार्गावर १२० च्या मर्यादेला चिकटून गेल्यास मी साडेचारशे किलोमीटर धरून चालेन, म्हणजे ७०१ किलोमीटरच्या त्या रस्त्यावर एकदा थांबणे आलेच. थांबणे किती वेळाचे, हे गाडीपेक्षा चार्जरवर अवलंबून असते. कंपनी दोनशे किलोवॉटच्या चार्जरवर दहा ते ऐंशी टक्के एकतीस मिनिटांत होतात असे सांगते, आणि तेवढा ताकदवान चार्जर मिळाला तर जेवण उरकेपर्यंत काम होते. पण वाटेवरचे पुष्कळ चार्जर साठ किंवा तीसच किलोवॉटचे असतात. तेवढ्याच भरणीला साठच्या चार्जरवर दीड तास आणि तीसच्या चार्जरवर जवळजवळ तीन तास लागतात, आणि आधीच कोणी लावून ठेवला असेल तर त्याचा वेळ वेगळा. गणपतीला कोकणात जाताना, सगळा मुंबई-गोवा रस्ता एकाच दिशेने वाहत असताना, घरच्या म्हाताऱ्या माणसांना घेऊन चार्जरच्या रांगेत उभे राहण्याची वेळ कोणावर येऊ नये. ज्यांचे गाव असे लांब आहे आणि जाणे वारंवार आहे, त्यांनी नव्वद लिटरच्या टाकीची जीएलएस घेतली तर तो निर्णय मी शहाणपणाचाच मानेन.

पैशांबद्दल थोडक्यात सांगतो. महाराष्ट्रात वैयक्तिक नावावरच्या महागड्या पेट्रोल गाडीला तेरा टक्के वाहन कर पडतो, जो जीएलएसच्या त्या किमतीवर सतरा लाखांच्या घरात जातो. विजेवरच्या गाडीला राज्याच्या धोरणानुसार तो माफ आहे. मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात तीस लाखांवरच्या विजेच्या गाड्यांवर सहा टक्के कर सुचवला होता, तो नंतर मागे घेण्यात आला. सवलत अशी धोरणावर टिकून असते, म्हणून नोंदणीच्या दिवशी काय लागू आहे ते आधी विचारून घ्यावे. जीएसटीचा फरकही मोठा आहे : विजेवरच्या गाडीवर पाच टक्के, तर मोठ्या पेट्रोल गाडीवर सप्टेंबर २०२५ पासून चाळीस टक्के, त्याआधी उपकरासह पन्नास होते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, अटल सेतू आणि समृद्धीवर विजेच्या मोटारींना टोलमाफीही आहे. चालवण्याच्या खर्चात, घरची वीज दहा रुपये युनिट, पेट्रोल १०३ रुपये लिटर आणि जीएलएसचे मायलेज आठ धरले, तर शंभर किलोमीटरला अडीचशे रुपयांसमोर तेराशेच्या जवळपास रुपये उभे राहतात. वर्षाला पंधरा हजार किलोमीटर होत असतील तर दीड लाखाची बचत होते. ती खरी आहे, पण दीड कोटीच्या खरेदीत एवढ्यासाठी कोणी निर्णय फिरवू नये.

प्रदूषणाचा मुद्दा मला अधिक महत्त्वाचा वाटतो आणि तिथेच सर्वांत सैल बोलले जाते. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. शुद्धीकरण आणि वाहतूक धरली तर जीएलएसचे शंभर किलोमीटर पस्तीस किलोच्या आसपास जातात. आपली वीज अजून मुख्यतः कोळशाची आहे आणि देशाची सरासरी युनिटमागे सुमारे ०.७ किलो येते, त्यामुळे ईक्यूएसचेही, वाटेतली वीजगळती धरून, वीस-एकवीस किलो होतातच. शिवाय बॅटरी बनवतानाचे उत्सर्जन आहे. त्याचे अंदाज वेगवेगळे असले तरी युनिटमागे ७५ किलो धरले तर १२२ युनिटांच्या बॅटरीचे नऊ टन होतात. ते फिटायला साठ हजारांहून अधिक किलोमीटर गाडी चालवावी लागेल. घराच्या छतावर सौर पॅनेल असतील आणि गाडी दिवसा घरी उभी राहत असेल, तर हेच अंतर तीस हजारांच्या आत येते. गल्लीतल्या माणसांच्या नाकात धूर जात नाही, हा लाभ मात्र पहिल्या दिवसापासून आहे आणि मी तो लहान मानत नाही. तरीही ज्यांना केवळ पर्यावरणासाठी गाडी बदलायची आहे, त्यांना मी निम्म्या बॅटरीची लहान विजेवरची गाडी बघायला सांगतो. तीन टनांच्या गाडीने हा हेतू नीट साधत नाही.

आता ऐषारामाविषयी, कारण पैसे त्याचेच मोजले जातात. जीएलएसचे इंजिन इतके गुळगुळीत आहे की शहरात ते सुरू आहे हेही मागे बसलेल्याला क्वचित जाणवते. तरी ईक्यूएसची शांतता निराळीच आहे. गिअर बदलण्याचा सूक्ष्म हिसकासुद्धा नसतो, आणि शीव-पनवेल रस्त्यावर सिग्नलमागून सिग्नल घेताना चालवणारा थकत नाही. आईवडिलांना दवाखान्यात नेण्या-आणण्यासाठी यापेक्षा चांगली गाडी मला माहीत नाही. मात्र तिसऱ्या रांगेत जीएलएस निर्विवाद पुढे आहे. ईक्यूएसच्या तळाशी बॅटरी असल्यामुळे मागे गुडघे वर येतात आणि मोठ्या माणसाला तिथे तासाभराहून अधिक बसवत नाही. सात माणसांचे कुटुंब असेल तर चालवून बघताना स्वतः मागच्या रांगेत बसावे आणि घरातल्या सर्वांत उंच माणसालाही बसवावे.

राहिला पुनर्विक्रीचा प्रश्न. महागड्या विजेवरच्या गाड्यांचा भाव जुन्या बाजारात पेट्रोलपेक्षा लवकर उतरतो, कारण दर दोन-तीन वर्षांनी अधिक पल्ल्याची नवी गाडी येते आणि बॅटरीबद्दल पुढच्या गिऱ्हाइकाला धास्ती असते. ईक्यूएसच्या बॅटरीला दहा वर्षे किंवा अडीच लाख किलोमीटरची हमी आहे. ती दुसऱ्या मालकाच्या नावावर होते का, आणि कोणत्या अटींवर, हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे. दर तीन वर्षांनी गाडी बदलण्याची सवय असेल, तर कर आणि वीज यांत वाचलेले बरेचसे पैसे विकताना निसटतील. सात-आठ वर्षे ठेवणार असाल, तळघरातल्या त्या खांबापर्यंत केबल पोहोचत असेल आणि बहुतेक फिरणे मुंबई, पुणे, नाशिक एवढ्यातच असेल, तर मी ईक्यूएस घेईन.