वरण ते गरम

आज दुपारी भाचीबरोबर शब्दांची शिडी खेळत बसले आणि संध्याकाळ कधी झाली कळलंच नाही. एका वेळी एकच अक्षर बदलायचं आणि मधला प्रत्येक शब्द खरा हवा, बास. मराठीत काना-मात्रा आले की भांडणं होतात म्हणून आम्ही साधे तीन अक्षरी, बिनमात्रांचे शब्द घेतले.

तिने कोडं टाकलं, वरणपासून गरमपर्यंत. दोनच तर अक्षरं बदलायचीयत, पण गरण असा शब्द नाही आणि वरम पण नाही, सगळे रस्ते बंद! मग ती म्हणाली मावशी आधी सरण करू ना, आणि तिथून धडाधड सुटलंच, सरण, सरळ, गरळ, गरम. स आणि ळ दोन्ही टोकांना नाहीतच, तरी आम्ही त्यांच्यावरूनच पोचलो, मला हे जाम आवडलं. (गरळ तिला माहीत होता, फार भारी वाटलं!)

हा खेळ लुईस कॅरलने १८७७ च्या ख्रिसमसला काढला, ऑक्सफर्डला गणित शिकवायचा तो. पुढे डोनाल्ड कनूथ या संगणकशास्त्रज्ञाने इंग्रजीतले ५७५७ पाच अक्षरी शब्द घेऊन कॉम्प्युटरवर त्यांचं जाळंच केलं, एका अक्षराचा फरक असेल तर दोघांत रेघ, आणि त्यात ६७१ शब्द असे निघाले की ज्यांना एकही शेजारी नाही. मराठी शब्दांचं असं जाळं कुणीतरी मनावर घेऊन करायलाच हवं.

आता मगर ते गजर करून बघा, सुटतं.