वेळापत्रकाचं पान आणि टेम्प्लेटची हद्द

आमच्या कामात नवीन कुणी आलं की पहिल्याच आठवड्यात विचारतं, "तुम्ही टेम्प्लेट का वापरत नाही?" टेम्प्लेट म्हणजे रिकाम्या जागा सोडलेली पानाची फाइल, प्रोग्राम चालताना त्या जागी माहिती भरतो. कोडमध्ये एचटीएमएलची, म्हणजे वेबपानाच्या टॅगची, फाइलच सापडत नाही, सगळीकडे टेबल, टीआर, टीडी (तक्ता, ओळ, चौकट) या टॅगांच्या नावाची फंक्शनं एकमेकांच्या पोटात बसलेली दिसतात, म्हणून हा प्रश्न येतो. तोंडी उत्तर दरवेळी अर्धवट राहतं, तेव्हा एकदा नीट लिहून ठेवते.

मी सगळ्यात आधी वेळापत्रकाचं उदाहरण देते. वर उभ्या रकान्यांत वार, डावीकडे तास. बहुतेक विषय एका तासाचे, प्रात्यक्षिक मात्र दोन तासांचं. त्या चौकटीला रोस्पॅन (चौकट किती ओळी व्यापते तो आकडा) दोन द्यायचा आणि खालच्या ओळीत त्या वाराची चौकट काढायचीच नाही. एवढीच गोष्ट टेम्प्लेटमध्ये करायला बसा. लूप ओळीओळीने चालतो आणि वरच्या ओळीने कोणती जागा व्यापली हे लक्षात ठेवायला त्याच्याकडे सोय नसते. जिंजा या पायथनच्या टेम्प्लेट भाषेत लूपच्या आत व्हेरिएबलला दिलेली किंमत पुढच्या फेरीपर्यंत टिकत नाही, त्यासाठी नेमस्पेस नावाची वेगळी वस्तू घ्यावी लागते. जँगो या पायथनच्या वेब फ्रेमवर्कच्या टेम्प्लेटमध्ये असा हिशेब मांडायचा नाहीच, अशी अपेक्षा आहे. मग आपण काय करतो? पायथनमध्ये आधी हिशेब करतो, प्रत्येक ओळीच्या चौकटींची यादी बनवतो, प्रत्येकीबरोबर तिचा रोस्पॅन ठेवतो आणि ती यादी टेम्प्लेटला देतो. म्हणजे तक्त्याची पूर्ण रचना कोडमध्ये झालेलीच असते. टेम्प्लेट फक्त त्या रचनेभोवती टॅग लिहितं, आणि तेवढ्यासाठी दुसरी फाइल, दुसरी भाषा, दुसरे नियम. जिथे हिशेब केला तिथेच टीडी फंक्शनला हाक मारली, तर दोन ओळींत काम संपतं आणि वाचणाऱ्याला एकाच जागी सगळं दिसतं.

मेनूच्या आत मेनू असला की हेच. फंक्शन स्वतःलाच बोलावतं, संपलं. जँगोमध्ये टेम्प्लेटने स्वतःलाच इन्क्लूड करायचं, जिंजामध्ये लूपला रिकर्सिव्ह असा खास शब्द जोडायचा. टेम्प्लेटची प्रत्येक भाषा साधेपणाचं वचन देऊन सुरू होते. मग तिला अटी लागतात, मग फिल्टर, मॅक्रो, इम्पोर्ट, वारसा. पीएचपी १९९५ मध्ये वेबपानात थोडा प्रोग्राम पेरण्याचं साधन म्हणून आली, वाढत वाढत पूर्ण भाषा झाली, आणि मग त्याच पीएचपीवर स्मार्टी आणि ट्विग या टेम्प्लेटच्या भाषा उभ्या राहिल्या. मला यातून एवढंच दिसतं, की पान काढायला खरी भाषा लागते.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. टेम्प्लेटला पान म्हणजे अक्षरांची सलग ओळ दिसते. महिरपी कंसात आलेली किंमत मजकुरात पडते आहे, ॲट्रिब्यूटमध्ये (टॅगच्या आत लिहिलेल्या गुणधर्मात), की स्क्रिप्टच्या आत, हे बहुतेक टेम्प्लेट इंजिनांना कळत नाही. जँगोने २००८ च्या १.० आवृत्तीत आपोआप एस्केप करणं, म्हणजे किमतीतली < सारखी खास चिन्हं टॅग म्हणून वाचली जाणार नाहीत अशी बदलणं, आणलं, ते फार चांगलं झालं. जिंजा मात्र स्वतःहून एस्केप करत नाही. फ्लास्क या वेब फ्रेमवर्कमधून वापरलं तर एचटीएमएल फाइलींसाठी फ्लास्क ते चालू करून देतं. पण एस्केप चालू असलं तरी अवतरण चिन्हं न घातलेल्या ॲट्रिब्यूटमध्ये किंमत टाकली, की एका रिकाम्या जागेनंतर नवा ॲट्रिब्यूट घुसू शकतो. गो भाषेचं एचटीएमएल टेम्प्लेट पॅकेज इथे वेगळं आहे. ते टेम्प्लेट स्वतः एचटीएमएल म्हणून वाचतं आणि जागा बघून एस्केप ठरवतं. त्यालाही पानाची रचना समजून घ्यावीच लागली. फंक्शनमध्ये ती रचना पहिल्यापासून हातात असते: मजकूर मजकूर म्हणून येतो, ॲट्रिब्यूटची किंमत वेगळी येते, अवतरण चिन्हं लायब्ररी घालते, टॅग बंद करायचा राहत नाही. दुव्याच्या पत्त्यात कुणी जावास्क्रिप्ट घातली तर तेवढी तपासणी मात्र इथेही आपल्यालाच करावी लागते.

नाव चुकलं तर काय होतं हेही बघा. जँगो आणि जिंजा दोन्हींत नसलेलं व्हेरिएबल छापलं तर मूळ सेटिंगमध्ये तिथे काहीच उमटत नाही. रकमेची जागा कोरी राहते आणि पान व्यवस्थित उघडतं. फंक्शनला आर्ग्युमेंट कमी पडलं तर ते तिथेच ओरडतं. मला ओरडणारं हवं.

जुने लोक पर्ल भाषेतल्या, वेबपानं काढणाऱ्या सीजीआय मॉड्यूलची आठवण काढतात. त्यातही टॅगच्या नावांची फंक्शनं होती आणि पुढे त्याच्याच दस्तऐवजांत लिहिलं गेलं, की ही फंक्शनं आता सांभाळली जात नाहीत, टेम्प्लेट वापरा. त्या काळच्या स्क्रिप्टमध्ये डेटाबेसची क्वेरी, पैशांचा हिशेब आणि टॅग छापणं एकाच लूपमध्ये चाले, त्याला लोक कंटाळले हे मला पटतं. पण ती सरमिसळ फंक्शनांमुळे झालेली नव्हती. हिशेबाची फंक्शनं एका मॉड्यूलमध्ये आणि पान काढणारी दुसऱ्यात ठेवायला कोणतीच भाषा अडवत नाही. लिस्प आणि क्लोजरमधली मंडळी याद्यांमधून पान लिहीतच राहिली, आणि २०१३ मध्ये रिॲक्ट ही जावास्क्रिप्टची लायब्ररी आल्यावर फंक्शनांनी पान बांधण्याची हीच पद्धत सगळीकडे पसरली. रिॲक्टमध्ये पान लिहायची जेएसएक्स ही वाक्यरचना दिसायला टेम्प्लेटसारखी, पण कंपाइल झाल्यावर साध्या फंक्शनच्या हाका उरतात.

टेम्प्लेट मला कुठे हवंच असतं, तर लांब गद्यात. मदतीचं पान, अटी, ईमेलचा मजकूर. परिच्छेदात दोन शब्द ठळक करायचे म्हणून वाक्याचे पाच तुकडे करून स्वल्पविरामांनी जोडले तर ते वाचता येत नाही, आणि उद्या ते वाक्य बदलणाऱ्या सहकाऱ्याला प्रोग्रामिंग येत असेलच असं नाही. तिला फाइल उघडून वाक्य दिसलं पाहिजे. झोप (Zope) या पायथनमधल्या वेब प्रणालीच्या पेज टेम्प्लेटमध्ये आणि जावाच्या थायमलीफमध्ये सूचना ॲट्रिब्यूटमध्ये लिहितात, त्यामुळे ती फाइल प्रोग्राम न चालवताही ब्राउझरमध्ये उघडते. ही सोय फंक्शनकडे नाही.

म्हणून मदतीची पानं आम्ही जिंजामध्ये ठेवली आहेत आणि त्यांच्यात तक्ता लागला तर तो फंक्शनमधून येतो. इथे सेफ फिल्टर (हे एस्केप करू नको, असं सांगणारा) लावायची गरज नाही. फंक्शन जी वस्तू परत देतं तिच्यावर, दोन्ही बाजूंना दोन-दोन अंडरस्कोअर असलेली एचटीएमएल नावाची मेथड लिहा. जिंजा ती ओळखतं आणि पुन्हा एस्केप करत नाही. एस्केप चालू असताना साधी स्ट्रिंग आली तर मात्र ती एस्केप होतेच. त्यामुळे कोडमध्ये सेफ हा शब्द शोधला आणि सापडला, तर त्या ओळीबद्दल लिहिणाऱ्याला विचारायचं, असा आमच्याकडे नियम आहे.