आजाराची नोंद आणि बंदुकीचे दुकान

अमेरिकेत कुठे गोळीबार झाला की पुण्याहून हमखास फोन येतो आणि प्रश्न ठरलेला असतो: अशा माथेफिरूंना तिथले सरकार आधीच रुग्णालयात का ठेवत नाही? व्हर्जिनियात राहणाऱ्याला याचे उत्तर शोधायला लांब जावे लागत नाही.

१६ एप्रिल २००७ रोजी ब्लॅक्सबर्गच्या व्हर्जिनिया टेक विद्यापीठात एका विद्यार्थ्याने ३२ जणांचा जीव घेतला. मृतांमध्ये मुंबईहून वास्तुकला शिकायला आलेली एक मुलगीही होती. त्या विद्यार्थ्याचा आजार कोणाच्या लक्षात आला नव्हता असे नाही. डिसेंबर २००५ मध्येच न्यायाधिकाऱ्याने त्याच्यापासून त्याच्या स्वतःच्या जिवाला धोका असल्याचे ठरवून, त्याला दाखल न करता बाह्यरुग्ण म्हणून उपचार घेण्याचा आदेश दिला होता. ते उपचार प्रत्यक्षात होतात की नाही, हे मात्र कोणी पाहिले नाही. अशा आदेशानंतर केंद्रीय कायद्यानुसार त्याला बंदूक विकत घेता यायला नको होती. पण व्हर्जिनिया तेव्हा फक्त रुग्णालयात सक्तीने दाखल केलेल्यांचीच नावे बंदूक विकण्याआधी होणाऱ्या पार्श्वभूमी तपासणीच्या यादीसाठी कळवत असे, त्यामुळे २००७ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये त्याने दोन पिस्तुले रीतसर विकत घेतली. गव्हर्नर टिम केन यांनी त्याच एप्रिलच्या ३० तारखेला आदेश काढून ही फट बुजवली.

दुसरी घटना मला अधिक अस्वस्थ करते, कारण तिच्यात सारे काही कायद्याप्रमाणेच झाले. नोव्हेंबर २०१३ मध्ये राज्याचे सिनेटर क्री डीड्स यांनी आपल्या २४ वर्षांच्या मुलासाठी आपत्कालीन ताब्याचा, म्हणजे मानसिक तपासणीसाठी काही तास ताब्यात ठेवण्याचा, आदेश मिळवला. त्या आदेशाची मुदत मुदतवाढ धरूनही सहा तासांची होती. तेवढ्या वेळात त्याला दाखल करण्यासाठी खाट मिळाली नाही, म्हणून त्याला घरी सोडावे लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने वडिलांवर चाकूने वार केले आणि स्वतःवर गोळी झाडून घेतली. आसपासच्या काही रुग्णालयांत खाटा रिकाम्या होत्या, हे नंतर उघड झाले. स्वतः डीड्स यांनीच पुढाकार घेतल्यावर २०१४ मध्ये ती मुदत आठ तासांची झाली आणि कुठेच जागा मिळाली नाही तर सरकारी मनोरुग्णालयाने रुग्णाला घेतलेच पाहिजे, अशी तरतूद झाली.

त्यानंतरच्या टप्प्याची, म्हणजे सुनावणी होईपर्यंत रुग्णाला रुग्णालयात ठेवण्याच्या तात्पुरत्या स्थानबद्धतेची, मुदतही तेव्हाच ४८ वरून ७२ तासांवर गेली. भारताच्या २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात रुग्णाच्या संमतीविना दाखल करून घेण्याची पहिली मुदत ३० दिवसांपर्यंत आहे, म्हणून आपल्याकडच्या वाचकांना हे आकडे क्षुल्लक वाटतील. इथे मात्र माणसाचे स्वातंत्र्य हिरावून घेण्याचा प्रत्येक तास न्यायालयासमोर समर्थनीय ठरावा लागतो.

तरीही सक्तीच्या उपचारांवर सगळी भिस्त ठेवणे मला पटत नाही. बहुसंख्य मनोरुग्ण कोणावरही हात उगारत नाहीत, आणि या देशात बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात. म्हणजे निदानाइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, प्रश्न त्या घटकेला हाताशी काय आहे याचा असतो. इथल्या मराठी घरांत मुलाला नैराश्य आले तरी ‘कागदोपत्री नोंद नको’ म्हणून डॉक्टर टाळले जातात. प्रत्यक्षात स्वतःहून मानसोपचारतज्ज्ञाकडे जाऊन औषधे घेतल्याने कोणाचे नाव बंदूकबंदीच्या यादीत जात नाही.

१ जुलै २०२० पासून व्हर्जिनियात आजाराच्या निदानावर अवलंबून नसलेला एक मार्ग उपलब्ध आहे. एखाद्याकडून स्वतःला किंवा इतरांना मोठा धोका असल्याचे पटल्यास न्यायाधीश किंवा मॅजिस्ट्रेट त्याच्या बंदुका १४ दिवस काढून घेण्याचा आदेश देऊ शकतात आणि सुनावणीनंतर ती मुदत १८० दिवसांपर्यंत वाढू शकते. मात्र हा अर्ज पोलिसांनी किंवा सरकारी वकिलानेच करायचा असतो, आई-वडिलांना तो थेट करता येत नाही. आणि मुलाच्या बाबतीत पोलिसांना फोन करायला आपल्यातले किती पालक धजावतील, याची मला शंका आहे.