तुम्ही विचारलंत म्हणून: पेणकर, आणि ज्यू?

"पेणकर? मग तुम्ही ज्यू कशा?" बँकेत, लग्नघरात, मुलाच्या शाळेत, सगळीकडे हेच. लगेच पुढचं: "मूळ आडनाव काय?" जणू पेणकरखाली एखादं कोहेन दडवून ठेवलंय मी.

दडवलेलं काही नाही. आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू. गावावरून दिवेकर, झिराडकर, रोहेकर, तसेच आम्ही पेणकर. अशी आडनावं पडण्याआधी आपलं नाव आणि बापाचं नाव, एवढ्यावर भागायचं. १७९६ साली मुंबईतलं पहिलं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, बांधणारे सॅम्युएल इझिकेल दिवेकर म्हणजे आपले समाजी हसाजी. आमच्यातले कित्येक अजूनही आजोबांचंच नाव आडनाव म्हणून लावतात. माझा सख्खा चुलतभाऊ डेव्हिड लावतो. त्याला कुणी काही विचारत नाही.

विशीत मी आमच्या पूर्वजांची, अलिबागजवळच्या नवगावची गोष्ट ऐकवायचे: फुटलेलं गलबत, वाचलेली सात जोडपी. ऐकणारे गप्प होत. आता ऐकवत नाही. त्या गोष्टीत आमचं येणं आहे, शनिवारी, आमच्या सुट्टीच्या दिवशी, तेलाचा घाणा बंद ठेवून पिढ्यान् पिढ्या इथे राहणं नाही. पण विशीतल्या त्या मुलीलाही मी खोडून काढणार नाही. दुरून आलेल्याला मान मिळतो, हे तिने बरोबर हेरलं होतं.

खरं दुखणं आत्याचं. ती इस्रायलला गेली आणि १९६२मध्ये एका इराकी ज्यू मुलाशी तिचं ठरलं. लग्न नोंदवायच्या कार्यालयात विचारलं, तुझी आई कोण, आजी कोण, तिची आई कोण? बेने इस्रायलांनी बाहेरच्या ज्यूंशी लग्न करायचं तर अशी चौकशी तेव्हा होत असे. यहुदीपण आईकडून येतं, आडनाव बापाकडून. पेणकरचा तिथे काडीचा उपयोग नव्हता. आत्याने घरी पत्र टाकलं. आजोबांनी जुनी वही काढली, तर तिच्यात सगळे बाप. मग ते पेणच्या कबरस्तानात जाऊन पणजीचा दगड शोधून आले. दगडावर अमक्याची बायको, एवढंच. तिचं नाव आजोबांना ठाऊक होतं, पण त्यांच्या शब्दाला कागदाची किंमत नव्हती.

ऑगस्ट १९६४मध्ये क्नेसेटने, म्हणजे इस्रायलच्या संसदेने, ठराव केला की बेने इस्रायल सर्वार्थाने ज्यू आहेत. तोवर मुलाकडच्यांनी नाद सोडला होता. पुढे आत्याने तिथल्याच दिमोना गावातल्या एका रोहेकराशी, आपल्यातल्याच मुलाशी, लग्न केलं. त्या वेळी पणजीची चौकशी कुणी केली नाही.

तरी मी पेणकरच लावते. हट्ट म्हणा. आईकडची नावं मात्र मी लिहून काढली आहेत, पणजीच्या आईपर्यंत. पुढचं कुणालाच आठवत नाही. मुलगा म्हणतो, पासपोर्टवर सॅम्युएल करू या, दोन्हीकडचे प्रश्न संपतील. मी नको म्हणते. का, विचारलं की दर वेळी वेगळं कारण देते, आणि त्याला एकही पटत नाही.