थोरला, धाकटा आणि फळ्यावरचे 120

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी मनोगत पाठव, असा फोन आला तेव्हा मी ऑफिसात आकड्यांत मान घालून बसले होते. फोन करणारा आमच्याच तुकडीतला, आता स्मरणिका समितीत. म्हणाला, "दोन पानं, एक फोटो. आणि 'या ज्ञानमंदिराने मला घडवलं' हे लिहू नकोस, तशी सतरा आली आहेत." बरं, नाही लिहीत.

माझ्यापुरतं शाळेबद्दल लिहायचं म्हणजे गणिताच्या सरांबद्दल लिहायचं. स्नेहसंमेलन, प्रयोगशाळेतलं ते फुटकं बेसिन, गच्चीवर जायची बंदी आणि तरी गच्चीवर गेलेली मंडळी, हे सगळं बाकीचे लिहितीलच. सरांचं नाव मी घालत नाही. "नाव छापलंस तर पुन्हा घरी येऊ नकोस," अशी तंबी मिळाली आहे. जिन्यालगतच्या खोलीत जे बसले त्यांना नावाची गरजही नाही. शर्टाच्या खिशात खडूचे तुकडे, दुसरी घंटा थांबायच्या आत उंबऱ्यावर पाऊल, आणि कुणी उत्तर ओरडलं की "उत्तर राहू दे, रीत दाखव."

मला सांगायचा आहे तो एक ऑफ तास. शेवटच्या वर्षातला, परीक्षा महिना-दीड महिन्यावर आलेली. भाषेच्या बाई आल्या नव्हत्या म्हणून सर आले. तेव्हा वर्गात दुसरा विषयच नसे: पुढे काय? कुणीतरी धीर करून विचारलं, "सर, विद्यापीठात जाऊन खरंच फायदा होतो का?"

आम्हाला वाटलं, आता विद्येचं महत्त्व ऐकावं लागणार. सरांनी खिशातून खडू काढला. "मांडू या," म्हणाले.

दोन भाऊ. थोरला आजच कामाला लागतो, वर्षाला 100 मिळवतो. कसले 100, ते विचारायचं नाही, नुसते 100. धाकटा चार वर्षं शिकतो. मिळकत शून्य, वर वर्षाला 50 खर्च. मग त्याला नोकरी लागते, वर्षाला 140. धाकटा थोरल्याला कधी गाठेल?

माझा हात पहिला वर. चार वर्षांनी थोरल्याकडे 400, धाकट्यावर 200 देणं, फरक 600. तो दर वर्षी 40 ने भरून निघतो, म्हणजे 15 वर्षं. "अठराव्या वर्षी सुरुवात केली तर सदतिसाव्या वर्षी गाठेल, सर." वय मी आपणहून काढलं होतं, न विचारता. तेवढी हुशारी दाखवायची सवय होती मला.

सर मान डोलावणार इतक्यात मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, थोरल्याला चार वर्षांत पगारवाढ नाही?"

वर्ग हसला. मीही हसले. सर हसले नाहीत. थोडा वेळ फळ्याकडे बघत राहिले, मग डस्टर उचलून थोरल्याचे 100 पुसले आणि तिथे 120 लिहिले. आता दर वर्षीचा फरक 20. सहाशे भागिले वीस, 30 वर्षं. सदतिसाव्या वर्षी थोरल्याला गाठणारा धाकटा आता बावन्नाव्या वर्षी गाठणार होता. डस्टर नेहमीसारखं कोरडं. 120 च्या मागे पुसलेले 100 दिसतच होते.

"उदाहरण सोडवणं सोपं," सर म्हणाले. "मांडणीतली खोट काढणं अवघड." आणि घंटा झाली.

मी विद्यापीठात गेले. मागच्या बाकावरचा गेला नाही. यात कुणाला काही विशेष वाटलं नाही, मलाही नाही. सरांनी मला स्टाफरूममध्ये बोलावून संख्याशास्त्र घे म्हणून सांगितलं, अर्ज समोर बसवून भरून घेतला, शिफारसपत्र स्वतः लिहून दिलं. त्यांच्या हाताखालून एवढी मुलं जात असताना एकीसाठी कुणी इतकं करतं? मी आज जी काही आहे ती त्या अर्धा तासामुळे आहे, हे मी कुठेही सांगायला तयार आहे.

विद्यापीठाने पहिल्या सहा महिन्यांत माझी हुशारी उतरवली. शाळेत पहिली येणारी मी तिथे मधल्या गर्दीत कुठेतरी. शेजारी बसणाऱ्या मुली मी रात्रभर घासलेलं उदाहरण बोलता बोलता सोडवायच्या. तिसऱ्या वर्षाच्या शेवटी मी सगळं सोडून द्यायचं ठरवलं आणि घरच्यांच्या आधी सरांना कळवलं.

समजूत काढणारं लांबलचक पत्र येईल असं वाटलं होतं. कार्ड आलं, त्यावर दोनच ओळी. "धाकट्याने तीन वर्षांनी सोडलं तर? थोरला 100 वरच ठेव, धाकट्याचा पगार 105 धर. करून पाठव."

केलं. तीन वर्षांत थोरल्याकडे 300, धाकट्यावर 150 देणं, फरक 450. दर वर्षी जास्तीचे मिळणार 5. म्हणजे 90 वर्षं! घाबरून उलट टपाली पाठवलं. तेच कार्ड परत आलं, लाल शाईत: "रीत बरोबर, प्रश्न चूक. ते 450 राहिलीस तरी गेले, सोडलंस तरी गेले. उरलेलं एक वर्षच मांड."

उरलेल्या वर्षाची किंमत: बुडणारा पगार 105, वर खर्च 50, एकूण 155. त्याबदल्यात पुढे दर वर्षी 35 जास्त. साडेचार वर्षांच्या आत वसूल. मी राहिले. अर्थशास्त्रात याला बुडीत खर्च म्हणतात, हे पुढे कळलं. धीर देणारं एक अक्षरही त्या कार्डावर नव्हतं, आणि त्याच्याइतका धीर मला कशानेच दिला नाही.

सरांनी 105 आणि 140 हे आकडे कुठून आणले होते कोण जाणे, पण ते हवेतले नव्हते. शिक्षणाच्या शेवटच्या वर्षाला, म्हणजे पदवी हातात पडते त्या वर्षाला, आधीच्या वर्षांपेक्षा पगारात जास्त वाढ मिळते, हे अर्थशास्त्रज्ञांनी मोजलं आहे. त्याला ते मेंढीच्या कातड्याचा परिणाम म्हणतात, कारण पदव्या पूर्वी कातड्यावर लिहीत. न जाणाऱ्याचं ठीक आहे, जाऊन पुरं करणाऱ्याचंही ठीक. अर्ध्यावर सोडणारा मात्र खर्च करून बसतो आणि शिक्क्याविना परततो. 'जावं की नाही' यावर तावातावाने बोलणारे 'पुरं होईल का' हे क्वचितच विचारतात.

आता हा शिक्का कशाचा, यावर मोठी माणसं भांडली आहेत. अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकरने 1964 मध्ये शिक्षण हे यंत्रसामग्रीसारखं भांडवल मानून हिशेब मांडला: माणसात घातलं की त्याची कुवत वाढते. मायकेल स्पेन्सने 1973 मध्ये दाखवलं की शिक्षणाने कुवत तसूभर वाढली नाही तरी पदवीला पगार मिळू शकतो. अवघड गोष्ट पार पाडणारा माणूस कोणता, एवढं ती मालकाला सांगते. दोघांनाही नोबेल मिळालं, त्यामुळे निकाल लागला असं म्हणता येत नाही. स्पेन्सचं वाचताना मला मागचा बाक आठवला होता. ज्याने एका प्रश्नात अख्खी मांडणी हलवली, त्याच्याकडे ते कुणाला दाखवायला कागद नव्हता.

मी अ‍ॅक्च्युअरी झाले. विमा कंपनीत माणसांच्या आयुष्याचे आणि पैशांचे हिशेब मांडणं हे माझं काम. सध्या एका विभागाची प्रमुख आहे (समितीने 'सध्याचं पद' विचारलं होतं, ते हे). गंमत अशी की या व्यवसायाच्या परीक्षा व्यावसायिक संस्था घेते, विद्यापीठ नव्हे. माझ्या पदवीने मला काही पेपरांतून सूट मिळाली. कागदोपत्री फायदा तेवढाच. आमच्या व्यवसायाच्या पूर्वजांत एडमंड हॅलेचं नाव घेतात, तोच धूमकेतूवाला. ब्रेस्लाउ शहराच्या जन्ममृत्यूच्या नोंदींवरून त्याने 1693 मध्ये आयुर्मानाचा तक्ता मांडला. त्याने ऑक्सफर्ड पदवीविना सोडलं होतं. दक्षिणेकडचे तारे नोंदवायला सेंट हेलेना बेटावर गेला, आणि परतल्यावर राजाच्या हुकमावरून पदवी मिळाली.

हल्ली मुलांसमोर बोलायला बोलावतात, तेव्हा कुणीतरी अशी नावं फेकतंच. फॅरडे कुठे शिकला होता? रामानुजन तर नापास झाला होता! खरं आहे. फॅरडे पुस्तकं बांधायच्या दुकानात उमेदवार होता. 1812 मध्ये त्याने नामांकित रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीची व्याख्यानं ऐकली, टिपणं बांधून डेव्हीलाच पाठवली आणि पुढच्या वर्षी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशन या विज्ञानसंस्थेमध्ये त्याच्या हाताखाली लागला. रामानुजन गणित सोडून बाकी विषयांत नापास झाला, पण 1913 मध्ये त्याने केंब्रिजचा गणिती हार्डी याला पत्र लिहिलं, 1914 मध्ये केंब्रिजला पोचला आणि 1916 मध्ये त्याला तिथली पदवी मिळाली. हॅलेला राजा, फॅरडेला डेव्ही, रामानुजनला हार्डी. दार न ठोठावता आत गेलेला मला यांत एकही दिसत नाही. आतून कडी काढणारा कुणीतरी होता.

मला सर होते.

तर तो फोन. स्मरणिकेचं बोलून झाल्यावर तो ठेवेना. मागच्या बाकावरचा तोच. लेथवर हेल्पर म्हणून लागला, सेटर झाला, आता स्वतःचं वर्कशॉप आहे, अकरा माणसं हाताखाली. म्हणाला, "मुलीला इतिहास शिकायचाय. इंजिनिअरिंग असतं तर तुला विचारलंही नसतं. तुझं काय मत? फायदा आहे का?"

मी माझ्या धंद्याला जागले. सरांच्या मांडणीत एक गोष्ट नव्हती, ती म्हणजे व्याज. आजचे 50 आणि वीस वर्षांनंतरचे 50 सारखे नसतात. आमचं पोटच या वाक्यावर आहे. चार टक्के धरून पुन्हा मांडलं. थोरला 100 वर राहिला तर धाकट्याला नोकरी लागल्यापासून 15 नव्हे, जवळजवळ 26 वर्षं लागतात. आणि थोरल्याचे 120 केले, तर कधीच फिटत नाही. दर वर्षीच्या 20 मधून त्या देण्याचं व्याजसुद्धा निघत नाही. त्याचा तो एक प्रश्न आणि चार टक्के, एवढ्यावर धाकट्याचा हिशेब कायमचा बुडाला.

हे मी त्याला फोनवर वाचून दाखवलं. तो म्हणाला, "म्हणजे मी बरोबर होतो." मी म्हटलं, "हो." तो जरा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "तिचा अर्ज भरलाय मी. तू फक्त शिफारसपत्र कसं लिहून घ्यायचं ते सांग." शिफारसपत्र नावाचा प्रकार असतो, हे त्याला तिच्या अर्जावर पहिल्यांदा कळलं होतं.

तुला परत विचारलं तर जाशील का, असं त्याने मला विचारलं. जाईन. पगारासाठी म्हणाल तर माझं उत्तर मीच वर बुडवलं आहे. पण चुकीचं उत्तर छातीठोकपणे देणाऱ्या मला, माझ्याहून सरस शंभर जणींमध्ये चार वर्षं बसायची गरज होती, आणि ते मला वर्कशॉपमध्ये शिकता आलं नसतं. त्याला आलं असतं. त्याला ते शाळेतच येत होतं.

मागच्या महिन्यात फोटोसाठी शाळेत गेले. आपल्या खोलीत आता गुळगुळीत पांढरा पडदा आहे. बोट फिरवलं की लिहिलेलं साफ. सोय आहे, धूळ नाही, मान्य. पण त्याच्यावर 120 लिहिले तर खालचे 100 कुणाला दिसणार?

तिथून सरांकडे गेले. चष्मा जाड झालाय, बोलणं तेवढंच तोकडं. माझा व्याजाचा कागद पुढे ठेवला. बराच वेळ वाचला. मग, "चार टक्के कुणाचे?"

"म्हणजे?"

"तुझ्या कंपनीला चारने मिळत असतील. अठरा वर्षांच्या पोराला कोण देतो चारने?"

एवढ्या वर्षांत मला हा प्रश्न एकाही बैठकीत कुणी विचारला नव्हता. मी कागद परत घेतला. सर खूश झाले होते. सुनेला हाक मारून म्हणाले, "ही ती. मी सांगतो ना, भर वर्गात मला अडवून थोरल्याची पगारवाढ विचारणारी, ती ही. दर वर्षी नव्या मुलांना हिचं उदाहरण दिलंय मी."

मी म्हटलं, "नाही सर, मी नव्हे." त्यांना ऐकू आलं नसावं. ते पुढचं सांगत होते, सूनबाई माझ्याकडे कौतुकाने बघत होत्या, आणि दुसऱ्यांदा म्हणायला मला तोंड उघडवलं नाही.

म्हणून इथे लिहिते. पगारवाढीचा प्रश्न माझा नव्हता. तो मागच्या बाकावरून आला होता, खिडकीच्या बाजूने तिसऱ्या रांगेतून, आणि मी तेव्हा हसले होते. मुद्रितं तूच तपासणार आहेस, ठाऊक आहे मला. जागा पुरत नसेल तर हॅले काढ, नोबेल काढ, माझं पद काढ. हा परिच्छेद तेवढा ठेव.