मूळ गाव ग्लासगो

30 नोव्हेंबर, रविवार

पावणेचारलाच अंधार पडला. आज स्कॉटलंडच्या रक्षक संताचा, सेंट अँड्र्यूचा दिवस, म्हणून लेकीला शाळेतून गृहपाठ आहे: घरातलं कोण कुठलं, ते कागदावर लिहून आणायचं. तिने स्वतःपुढे ग्लासगो लिहिलं, बाबापुढे नाशिक. माझ्यापाशी येऊन पेन्सिल अडली. "आई, तू नक्की कुठली गं?"

मला हा प्रश्न कधीच सोपा गेला नाही. जन्म, शाळा, कॉलेज सगळं इंदूरला. घरात मराठी, फाटकाबाहेर हिंदी. पुण्यात नोकरीला लागले तेव्हा घरमालकीणबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, "हो, पण मूळच्या कुठल्या?" इंदूरने त्यांचं समाधान होईना. शेवटी रत्नागिरीकडच्या एका गावाचं नाव सांगितलं, जे मी तोवर पाहिलंही नव्हतं. "मग आमच्याकडच्याच की तुम्ही!" म्हणाल्या आणि चहा टाकला.

लेकीचं उलटं. 2016 साली ती इथल्या इस्पितळात जन्मली आणि तिचा पहिला पासपोर्ट निघाला भारताचा. 1983 पासून ब्रिटनमध्ये नुसत्या जन्माने नागरिकत्व मिळत नाही. आई किंवा बाबा ब्रिटिश नागरिक तरी हवेत, नाहीतर कायमचे राहायला परवानगी मिळालेले. आम्ही दोघं तेव्हा व्हिसावर. ग्लासगोपलीकडे जग न पाहिलेलं बाळ कागदावर परदेशी! पुढे आम्हाला कायमची परवानगी मिळाली, मग अर्ज करून, फी भरून तिला ब्रिटिश केलं. स्कॉटिश मात्र तिला कुणी केलं नाही. तसा वेगळा पासपोर्टच नसतो, त्यामुळे ज्याला जशी गरज तशी तो मोजणी करतो.

बारा दिवसांपूर्वी इथल्या हॅम्पडेन मैदानावर डेन्मार्कला 4-2 हरवून स्कॉटलंड फुटबॉलच्या विश्वचषकात पोचलं, 1998 नंतर पहिल्यांदाच. तिसऱ्याच मिनिटाला मॅक्टॉमिनेने हवेत उलटं होऊन गोल मारला आणि आमच्या जिन्यातली सगळी दारं एकदम उघडली. हा मॅक्टॉमिने जन्माने इंग्लंडमधल्या लँकेस्टरचा. वडील स्कॉटिश म्हणून तो इकडचा. आजी-आजोबांपैकी एक जण इथला असला तरी चालतं. शिवाय ब्रिटनमधल्या संघांनी आपसात ठरवलंय की ब्रिटिश नागरिक असलेलं पोर अठराच्या आत पाच वर्षं जिथल्या शाळेत शिकलं, तिथून ते खेळू शकतं. हे वाचून मी लेकीला म्हटलं, "बघ, तुझी पाच वर्षं होत आली." तिला फुटबॉल धड लाथाडता येत नाही, ती गोष्ट वेगळी.

रग्बीवाल्यांची आजोबांच्या नादात एकदा चांगलीच फजिती झाली होती. डेव्हिड हिल्टन नावाचा ब्रिस्टलचा खेळाडू आजोबा एडिंबरोचे म्हणून स्कॉटलंडकडून 41 सामने खेळला. 2000 साली दाखले तपासले, तर आजोबाही ब्रिस्टलचेच. मग तो इथल्या वास्तव्याच्या नियमावर पुन्हा पात्र ठरला आणि आणखी एक सामना खेळला. माणूस तोच, फक्त आजोबा खोडून घराचा पत्ता लिहिला.

मतपेटीला आजोबा नकोच होते. 2014 च्या सप्टेंबरात स्कॉटलंडच्या स्वातंत्र्यावर सार्वमत झालं तेव्हा मला इथे येऊन जेमतेम सहा महिने झाले होते, पण राष्ट्रकुलातली नागरिक आणि इथली रहिवासी म्हणून मला मत होतं. एडिंबरोत जन्मलेल्या, आयुष्यभर स्वातंत्र्याची बाजू घेणाऱ्या सिनेनट शॉन कॉनरींना नव्हतं, कारण ते बहामात राहत. मला त्या दिवशी अवघडल्यासारखं झालं होतं. दुसऱ्याच्या घरच्या वाटणीत आपण सही करावी तसं. (मत कुणाला दिलं ते इथेही लिहिणार नाही.)

करखात्याला तर काहीच अवघड जात नाही. माझ्या पगारपत्रकावर टॅक्स कोडच्या आधी 'एस' असतो: ही स्कॉटिश करदाती. का, तर माझं राहतं घर इथे आहे. त्या एका अक्षरापायी इंग्लंडपेक्षा चार पैसे जास्तच कापले जातात.

गेल्या उन्हाळ्यात एडिंबरोला स्टेशनबाहेर एक अमेरिकन आजोबा भेटले. पूर्वजांच्या नोंदी शोधायला रजिस्टर हाउसला निघाले होते. "मीही स्कॉटिशच," असं अगदी अभिमानाने सांगितलं आणि लेकीला विचारलं, "तू कुठली गं?"

"ग्लासगो."

"नाही, म्हणजे मूळची?"

लेक माझ्याकडे बघायला लागली. ते गेल्यावर अस्सल ग्लासगोच्या हेलात म्हणाली, "पण ते तर अमेरिकन होते!" आम्ही आगगाडीत बसेपर्यंत हसत होतो.

नंतर मला आमची कोकणातली चक्कर आठवली. चार वर्षांपूर्वी कुलदेवतेला गेलो होतो. गुरवाने विचारलं, "कुणाच्या घरातल्या?" पणजोबांचं नाव सांगितलं. "म्हणजे वरच्या वाडीतले," म्हणत त्याने एक मोडकं जोतं दाखवलं. मधोमध फणस उगवलेला. मला भरून आलं. वीसेक फोटो काढले, मूठभर माती पिशवीत घातली. गुरव चेहऱ्यावर काही न दाखवता उभा होता. त्या आजोबांचे पूर्वज हायलँड्समधल्या कुळांपैकी असतील. जमीनदारांनी मेंढ्यांसाठी घरंच्या घरं उठवली, त्यातली कितीतरी माणसं बोटीने अमेरिका-कॅनडात गेली. माझे पणजोबा नोकरीसाठी आपखुशीने इंदूरला गेले. म्हणजे रडायचा हक्क त्या अमेरिकन आजोबांचा माझ्यापेक्षा जास्तच होता, आणि हसले मी.

तरी "म्हणजे मूळची?" हे त्यांनी विचारायला नको होतं. पुण्याच्या बाईंनीही.

2022 च्या जनगणनेत प्रश्न निराळा होता: तुम्हाला तुमची राष्ट्रीय ओळख कोणती वाटते? वाटते, एवढंच. दाखला नको, आजोबा नको. 65.5 टक्के लोकांनी फक्त 'स्कॉटिश' म्हटलं. लेकीच्या रकान्यात मीही तीच खूण केली, क्षणभरही न थांबता. स्वतःच्या रकान्याशी मात्र चहा गार झाला.

आता साडेनऊ झालेत. ती झोपली आहे, कागद टेबलावर आहे. मी तिला इंदूर लिही म्हणून सांगितलं होतं. तिने लिहिलंय, पण अक्षर ओळखीचं वाटेना म्हणून चष्मा लावून पाहिलं. इंदूरच्या पुढे कंस करून बारीक अक्षरात 'आता आमच्यात' असं आहे, मराठीत, आणि 'आमच्यात'चा च उलटा काढलाय.