एअर रायफलच्या नळीला जुळणारा छर्रा कसा निवडायचा

छर्ऱ्याच्या डब्यावर ४.५ मिमी लिहिलेलं असतं. मॅच, म्हणजे स्पर्धेच्या दर्जाच्या डब्यावर त्याशिवाय आणखी एक आकडा सापडतो: ४.४८, ४.४९, ४.५०, ४.५१ किंवा ४.५२. हा छर्ऱ्याच्या डोक्याचा व्यास, म्हणजे हेड साइज. नाशिकमध्ये नवीन नेमबाज बहुतेकदा रेंजवर ज्याचा स्कोअर चांगला त्याच्या डब्यावरचा आकडा बघतात आणि तोच मागवतात. ही सवय सोडावी. एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या दोन रायफलींनाही वेगवेगळे छर्रे मानवतात. क्रीडा मानसशास्त्रज्ञ भीष्मराज बाम यांच्या या गावात नेमबाजाच्या मनाच्या तयारीवर भरपूर बोललं जातं आणि ते योग्यच आहे. छर्ऱ्यावर मात्र त्या मानाने फार कमी बोललं जातं.

आधी छर्रा बघू. १० मीटर नेमबाजीचा छर्रा पुढून सपाट, मधे बारीक आणि मागे पोकळ घेराचा असतो. डोकं नळीत सरळ राहायला मदत करतं. मागचा पातळ घेर, म्हणजे स्कर्ट, डोक्यापेक्षा किंचित मोठा असतो; तो नळीच्या आतल्या पीळदार खोबणींत दाबला जातो आणि हवा अडवतो. डोकं लहान पडलं तर छर्रा नळीत किंचित तिरका बसतो आणि तसाच बाहेर पडतो. मोठं झालं तर भरताना जोर लावावा लागतो, शिसं ओरबाडलं जातं, घर्षण वाढून वेग घटतो. अर्थात ०.०१ मिमीचा फरक प्रत्येक नळीला जाणवेलच असं नाही. काही नळ्या दोन-तीन मापं सारख्याच प्रेमाने घेतात, काही एकाच मापावर अडून बसतात.

माप जुळवण्याचा हा प्रश्न दारूने चालणाऱ्या रायफलीतही येतो. लिव्हर-ॲक्शन (खालचा दांडा ओढून काडतूस भरायच्या) रायफलीत ओतीव शिशाची गोळी वापरणारे लोक डायमधून, म्हणजे ठराविक मापाच्या भोकातून गोळी दाबून तिचा व्यास ठरवतात आणि तो नळीच्या खोबणीच्या व्यासापेक्षा साधारण इंचाचा एक-दोन हजारांश जास्त ठेवतात. गोळी लहान राहिली तर गरम वायू बाजूने निसटतो, शिसं वितळून नळीला चिकटतं आणि नेम बिघडतो. (आपल्याकडे दारूगोळा बनवायला शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो, त्यामुळे तो घरी करायचा उद्योग नाही.) नळीनुसार माप, हे तत्त्व तेच आहे. पण एअर रायफलचे छर्रे डायमधून काढायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. डायमध्ये डोक्याबरोबर स्कर्टही दबतो. मॅच रायफलीत हवेचा जोर इतका बेताचा असतो की दबलेला स्कर्ट पुन्हा फुलेल याचा भरवसा नाही. इथे माप बदलायचं नसतं, निवडायचं असतं.

सातपूर-अंबडच्या कारखान्यांत काम करणाऱ्यांचा पहिला विचार मायक्रोमीटरचा असतो. ०.०१ मिमी अल्पतम मापाचा मायक्रोमीटर इथे कामाचा नाही, कारण दोन मापांतला फरकच तेवढा आहे. ०.००१ चा घेतला तरी शिसं मऊ असतं. रॅचेटच्या दाबानेही चपटं होतं. मोजायचं असेल तर प्रत्येक छर्रा एकदाच मोजा आणि तो वेगळा टाका. खरं उत्तर कागदावरच मिळतं.

चाचणीसाठी एकाच जातीचे, चार हेड साइजचे छर्रे आणा. काही कंपन्या नमुन्याचे छोटे संच विकतात. नाहीतर रेंजवरच्या चौघांनी मिळून चार डबे घ्यावेत. रायफल क्लॅम्पमध्ये धरताना पकड ॲक्शनवर (छर्रा भरायच्या धातूच्या भागावर) घ्या, नळीवर नको. क्लॅम्प नसेल तर वाळूच्या पिशव्यांवर टेकवा, पण टेकण्याची जागा प्रत्येक वेळी तीच हवी. माप बदललं की पहिले पाच-सहा छर्रे हिशेबात धरू नका. आधीच्या छर्ऱ्याचं वंगण नळीत असतं. मग प्रत्येक मापाचे दहा-दहा छर्ऱ्यांचे किमान चार ग्रुप घ्या. ग्रुप म्हणजे एकाच जागी नेम धरून मारलेल्या भोकांचा पुंजका. एका मापाचे चारही ग्रुप सलग मारू नका, फिरवून-फिरवून मारा. नाहीतर सिलिंडरमधला बदलता दाब आणि चढती दुपार एकाच मापाच्या माथी बसते.

ग्रुप बाहेरच्या कडेपासून कडेपर्यंत मोजा आणि ४.५ वजा करा. कागदातलं भोक छर्ऱ्यापेक्षा थोडं लहान दिसतं, म्हणून सगळ्या चाचणीला लक्ष्याची एकाच प्रकारची कार्डं वापरा. दशांश गुणांत प्रत्येक ०.१ साठी मध्यापासून ०.२५ मिमी मिळतात. १०.९ हवा तर छर्ऱ्याचा मध्य ०.२५ मिमीच्या आत लागतो, २.५ मिमीच्या पलीकडे दहा संपतो. ग्रुप मध्यापासून मध्यापर्यंत १ मिमीचा असेल आणि लक्ष्यावर नीट बसवला असेल, तर छर्ऱ्यामुळे एका शॉटला जास्तीत जास्त एखादा दशांश जातो. तोच ३ मिमीचा झाला तर कडेचा शॉट, हात अजिबात न हलता, १०.४ च्या आसपास येतो. साठ शॉट्समध्ये ही गळती किती होते ते स्वतः मांडून बघा.

ग्रुपचा आकारही वाचता यायला हवा. उभा लांबट ग्रुप बहुधा वेग कमी-जास्त झाल्याचं सांगतो. मॅच रायफलचा वेग सेकंदाला १७५ मीटरच्या आसपास असतो आणि १० मीटरवर छर्रा साधारण १६-१७ मिमी खाली येतो. वेगात ३ मीटरचा फरक पडला की उंचीत अर्ध्या मिमीहून थोडा जास्त फरक येतो. क्रोनोग्राफ (छर्ऱ्याचा वेग मोजायचं यंत्र) मिळाला तर दहा शॉट्सचा वेग जरूर लिहून ठेवा. सगळे छर्रे एकत्र आणि एकच भरकटलेला, असं असेल तर स्कर्ट दबलेला असण्याची शक्यता मोठी: नळीतून बाहेर पडताना हवा एका बाजूने आधी सुटते आणि छर्ऱ्याला धक्का देते. म्हणून छर्रे तळहातावर ओतू नका, डबा खिशात खुळखुळवू नका. चारही मापं सारखीच वाईट आली तर छर्रा सोडा आणि स्टॉकचे (दस्त्याचे) स्क्रू, नळीच्या तोंडाची कड, साचलेलं शिसं आणि हवेचा दाब सारखा ठेवणारा रेग्युलेटर तपासा.

नळी साफ केली असेल तर लगेच चाचणी घेऊ नका. फेल्टचे गोळे मागून पुढे काढल्यावर ग्रुप पुन्हा स्थिर व्हायला बरेच छर्रे जावे लागतात.

माप ठरलं तरी काम अर्धंच झालं. डब्यावरचा लॉट नंबर, म्हणजे उत्पादनाच्या खेपेचा क्रमांक बघा. त्याच कंपनीच्या ४.५० च्या दोन लॉटमध्ये इतका फरक पडतो की एक ठेवावा आणि दुसरा फक्त सरावाला लावावा. साचे झिजतात, बदलतात. आमच्या मते ४.४९ की ४.५० या वादापेक्षा लॉटकडे जास्त लक्ष द्यावं. लॉट पटला की त्याच दिवशी दुकानदाराला नंबर कळवून साठा घ्या. आठवड्यातले पाच दिवस रोज १०० छर्रे धरले तर ५०० चा एक डबा आठवड्याला संपतो, म्हणजे सहा महिन्यांना २६ डबे. एवढे पैसे एकदम जमत नसतील तर स्पर्धेपुरते चांगल्या लॉटचे घ्या आणि सराव त्याच मापाच्या स्वस्त छर्ऱ्यावर करा.

नाशिकच्या पावसाळ्यात उघड्या डब्यातल्या छर्ऱ्यांवर पांढरट थर चढतो. असे छर्रे स्पर्धेला वापरू नका आणि ती भुकटी फुंकू नका. ते शिशाचं संयुग आहे. डबे हवाबंद बरणीत सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा, बरणीवर लॉट नंबर आणि उघडल्याची तारीख लिहा, आणि सराव संपला की काही खाण्याआधी हात साबणाने धुवा.